फ्लॅश पडला तरी हलायचं नाही

चिन फोटोवाल्याला आमच्या सा देक गावात सगळे ‘थांबा चिन’ म्हणतात. चिन म्हणजे नऊ. खरं तर तो घरातला आठवा, पण आमच्याकडे पोरं मोजायची ती दोनपासून, त्यामुळे आठव्याचा नववा होतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ‘थांबा’ हे मात्र त्याने स्वतःच्या घशाने कमावलेलं आहे. लग्न असो, पोराचं वर्ष पुरं झालेलं असो, नवी होडी पाण्यात सोडायची असो, चिनचा फ्लॅश पडला रे पडला की मागोमाग बोंब ऐकू येते, “थांबा! हलू नका! अजून झालेलं नाही!” तोवर नवरदेवाने कॉलर सैल केलेली असते, सासूने जांभई दिलेली असते आणि चिनने कपाळावर हात मारून घेतलेला असतो.

लोकांचं तरी काय चुकतं म्हणा. उजेड लखकन चमकला म्हणजे फोटो झाला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चिनचा फोटो तेव्हा नुसता सुरू झालेला असतो.

आधी तोही इतर फोटोवाल्यांसारखाच होता. अंधारून आलं की फ्लॅश मारायचा आणि घरी जाऊन जेवायचं. पण आमचं गाव पडलं फुलवाल्यांचं. तेतचा, म्हणजे नव्या वर्षाचा सण दोन-अडीच महिन्यांवर आला की आमचे लोक शेवंतीच्या कुंड्यांवर दिव्यांच्या माळा सोडतात. शेवंतीला वाटतं दिवस अजून मोठाच आहे, आणि ती कळी धरायची थांबते, म्हणजे ऐन सणाला फुलते. असे हजारो दिवे, खाली बांबूच्या मांडवांवर कुंड्यांच्या रांगा, त्याखाली पुराचं पाणी, आणि मधून होड्या. अशा जागी एका शेवंतीवाल्याने हौसेने बायकोसोबत फोटो काढून घेतला. फोटो हातात आला, तर दोघांची तोंडं पिठात बुडवल्यासारखी पांढरीफटक आणि मागे मिट्ट काळोख. शेवंतीवाल्याने तो फोटो चिनच्या अंगावर भिरकावला. “मी बागेत चार हजार दिवे लावलेत, आणि तू मला कोळशाच्या वखारीत उभा केलास?”

चिनला ते फार लागलं. दोन दिवस तो जेवला नाही, असं त्याची बायको लोआन सांगते; चिन म्हणतो, एकच दिवस. मग त्याने मेव्हण्याने रशियातून आणलेला धोंड्यासारखा जड कॅमेरा काढला. त्यात एक सोय होती. बटण दाबून धरलं की जोवर बोट उचलत नाही तोवर शटर उघडंच. सुरुवातीला फ्लॅश पडतो आणि समोरच्या माणसांचे चेहरे टिपून घेतो. मग शटर उघडं ठेवून नुसतं उभं राहायचं. लांबचे मिणमिणते दिवे हळूहळू, आपल्या पावलांनी आत येतात. दोन सेकंद पुरतात. चेहराही येतो, बागही येते. अट एकच, की माणसांनी तेवढे दोन सेकंद जागच्या जागी राहायचं.

आता हे दोन सेकंद मोजायचे कसे? घड्याळाकडे बघावं तर माणसांकडे लक्ष राहत नाही. चिनने बायकोचं पूर्ण नाव घ्यायला सुरुवात केली, मनातल्या मनात, सावकाश: ले थी किम लोआन. एकदा घेतलं की एक सेकंद. दोनदा घेतलं की फोटो तयार. लोआनला हे कळलं तेव्हा ती आठवडाभर मोठ्या तोऱ्यात वावरली. पण ज्या दिवशी दोघांचं भांडण व्हायचं त्या दिवशी चिन ते नाव भराभरा उरकायचा आणि सगळे फोटो काळपट यायचे. मग लोआन फोटो बघून म्हणायची, “अहो, हे त्या मंगळवारचे ना? दिसतंय.”

तर त्या वर्षी, चंद्राच्या दहाव्या महिन्यात, सावमावशींच्या आईचं श्राद्ध होतं आणि चिनला फोटोसाठी बोलावणं आलं. सावमावशी सत्तरीच्या, फुलवाल्या, जिभेला धार. त्यांची धाकटी बहीण टाम सतरा वर्षांपूर्वी होडीत बसून देश सोडून गेली होती, ती अमेरिकेहून पहिल्यांदाच परत येत होती. आई आठ वर्षांपूर्वी गेली तेव्हा टामला येता आलं नव्हतं. सावमावशींनी एकटीने आईला न्हाऊ घातलं, एकटीने पोचवलं, आणि त्यानंतर टामच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही. पत्रं मात्र सगळी ठेवली होती.

टाम आली, पण दोघी एकमेकींशी बोलेनात. बोलायच्या त्या देव्हाऱ्यातल्या आईच्या तसबिरीशी.

“आई,” सावमावशी उदबत्ती लावत म्हणाल्या, “पाहुण्यांना सांग, नारळाच्या पाण्यात शिजवलेलं डुक्कर आहे. तिकडे कुठलं मिळायला.”

“आई,” टाम म्हणाली, “ताईला सांग, मिळतं. पण तिच्या हातचं मिळत नाही.”

“आई, हिला सांग, लाडीगोडी नको. गुमान जेव म्हणावं.”

संध्याकाळी नातेवाइकांनी दोघींना जवळजवळ ढकलतच बागेत आणलं. टाम चार दिवसांनी जाणार होती. दोघींचा एकत्र एक तरी फोटो हवा. चिनने त्यांना मांडवाजवळच्या फळीवर उभं केलं. एक भाचीही उत्साहाने शेजारी जाऊन उभी राहिली, तर सगळे एका सुरात ओरडले, “तिघं नको!” भाची विंचू चावल्यासारखी बाजूला झाली. फोटोत तिघं असली तर मधला आधी जातो, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. चिनने आजवर तिघांचा फोटो काढलेला नाही. अगदीच अडलं तर तो कुणाच्या तरी हातात बाहुली देतो आणि चार करतो.

“मावशी, फ्लॅश पडला तरी हलायचं नाही,” चिनने बजावलं. “मी सांगेपर्यंत.”

“मी सत्तर वर्षं ह्या गावातून हललेली नाही,” सावमावशी म्हणाल्या. “हलणारे वेगळे.”

टामने मान खाली घातली. चिनने बटण दाबलं. लख्ख उजेड झाला. ले थी किम लोआन, ले थी किम लोआन. दोघी दगडासारख्या उभ्या. चिनला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपलं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाजारातून धुऊन आलेला फोटो घेऊन गेला. वाटेत पाकीट उघडून बघायची त्याची पद्धत नाही. आधी गिऱ्हाइकाने बघायचं. टामने फोटो काढला, डोळ्यांपाशी नेला आणि तिच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली.

“आई!”

फोटोत दोघी बहिणी अगदी स्वच्छ. मागे दिव्यांचा नुसता सडा. आणि सावमावशींच्या पलीकडे तिसरं कुणीतरी. डोक्यावर झावळीची शंकूसारखी टोपी, जुनी, एका बाजूला फाटलेली. कमरेखाली काही नाही. अंगातून पलीकडचे दिवे दिसताहेत. हात छातीपाशी.

“आईचीच टोपी आहे ही,” टाम रडत म्हणाली. “श्राद्धाच्या दिवशी आली ती. बघ ना ताई, छातीवर हात ठेवलाय. तिने मला माफ केलं.” सतरा वर्षांत ती ताईशी थेट बोलली ती ही अशी.

सावमावशींनी फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग एकेका आकृतीवर बोट ठेवत त्या म्हणाल्या, “आई. मी. टाम. तिघी. आणि मधे मी.” एवढं बोलून त्या आत गेल्या.

आमच्या भागात म्हाताऱ्या माणसांची शवपेटी आधीच करून ठेवतात. सावमावशींची दहा वर्षं पलंगाखाली होती आणि त्या तिच्यात तांदूळ साठवायच्या. त्या संध्याकाळी त्यांनी पेटीतला तांदूळ बाहेर काढला. आणि जेवायलाही त्या बसल्या नाहीत.

गावात अर्थात वेगळाच गोंधळ. मेलेलं माणूस फोटोत मोजायचं की नाही, ह्यावर कॉफीच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, मेलेल्याला परत मरायचं नसतं, तर तो मोजणीत कशाला? दुसरा म्हणे, फोटोत दिसतो ना? मग मोज. शिवाय तीन घरांतून चिनला श्राद्धाची आमंत्रणं आली. एकाला आजोबा हवे होते. “जमलं तर हसरे,” म्हणाला. लोआन खूश. चिन चिडून म्हणाला, “माझा कॅमेरा भुतं काढत नाही. वीस वर्षं मी भुतं येऊ नयेत म्हणून ओरडतोय. फ्लॅशनंतर जो मधे येतो तो असाच पारदर्शक दिसतो. हा कुणीतरी जिवंत गाढव आहे.”

“मग शोधा की गाढवाला,” लोआन म्हणाली.

चिनने भिंग काढलं. भूत कमरेपर्यंतच होतं, कारण कमरेखाली कुंड्या होत्या. म्हणजे हा पाय नसलेला नव्हता, होडीतला होता. मग त्याने भिंग छातीपाशी नेलं. तो नुसता हात नव्हता. हातात बाटली होती, आणि बाटलीच्या तोंडात केळीच्या वाळक्या पानाचं बूच, आमच्याकडे तांदळाच्या दारूला असतं तसं.

आता आईला कशाला हवी तांदळाची दारू! त्या घरात चोरून पिणारा माणूस एकच, म्हणून चिन तडक सावमावशींच्या यजमानांकडे, काकांकडे गेला. काका मागच्या बाजूला होडीतलं पाणी उपसत बसले होते. फाटकी टोपी डोक्यावरच होती.

“काका, परवा संध्याकाळी कुठे होतात?”

काकांनी आधी घराकडे बघितलं. मग चिनकडे. मग हात जोडले. “हळू बोल रे बाबा. सगळे फोटोच्या नादात होते, म्हटलं पलीकडच्या घरून पटकन एक बाटली आणावी. डॉक्टरने बंद केलीये, हिने तर सासूबाईंच्या देव्हाऱ्यासमोर शपथ घ्यायला लावलीये. येताना बघितलं तर तू कॅमेरा रोखून उभा. मी अडाणी नाही, मी थांबलो. तुझा मान राखून चांगला खाली वाकून थांबलो. फ्लॅश पडला, म्हटलं झालं, आणि निघालो. नेमकी होडी बांबूत अडकली. बाटली फुटू नये म्हणून उराशी धरली.”

चिनला ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार काय? ‘थांबा’ म्हणावं तर ह्या माणसाने थांबूनच घोळ घातला होता.

“मावशींनी अन्न सोडलंय, काका. सांगून टाका.”

“सांगतो. पण मग अन्न मला सुटेल,” काका म्हणाले. “आणि सांगून उपयोग काय? भूत नाही तर मी. तरी तिघंच. तरी मधे तीच.”

खरं सांगावं तर मावशींची भीती जात नाही, वर टामची आई जाते. न सांगावं तर मावशी जातात. रात्रभर तो कूस बदलत राहिला. टामचं जाणं दोन दिवसांवर आलं होतं.

सकाळी सावमावशींचा निरोप आला: फोटो काढायचाय, लवकर ये. चिन गेला तर मावशी ठेवणीतला रेशमी पोशाख घालून खुर्चीत ताठ बसलेल्या. केस चोपून बांधलेले. डोळे खोल गेलेले.

“देव्हाऱ्यात लावायचा फोटो हवाय,” त्या म्हणाल्या. “चांगला काढ. पोरांना वर्षानुवर्षं बघायचाय. मी हलणार नाही, काळजी नको.”

चिनने कॅमेरा डोळ्याला लावला. मावशी खरंच हलत नव्हत्या. ह्या बाईने लहानपणी त्याला आपल्या बागेतून शंभरदा हाकललं होतं, आणि जाताना दरवेळी हातावर उकडलेला रताळ्याचा तुकडा ठेवला होता. त्याचं बोट काही दाबेना. त्याने कॅमेरा खाली ठेवला, खिशातून भिंग काढलं आणि म्हणाला, “मावशी, ही तुमची आई नाही. हातात काय आहे ते बघा.”

मावशींनी फोटोवर भिंग धरलं. टाम दारात येऊन उभी राहिली.

“बाटली,” मावशी म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “केळीचं बूच.” आणि मग जो आवाज निघाला तो पलीकडच्या काठावर ऐकू गेला. “अहो!”

भिंतीआड कान लावून बसलेले काका तोवर होडीत पोचले होते. मरणाच्या पोशाखातल्या सावमावशी हातात केरसुणी घेऊन काठाकाठाने धावत होत्या. “श्राद्धाच्या दिवशी! आईचीच टोपी घालून! आणि मी इथे पेटी रिकामी करून बसलेय! या, तुम्हालाच घालते तिच्यात!” काका वल्ही मारत केविलवाण्या आवाजात ओरडत होते, “अगं, फ्लॅश पडला होता!”

परत येऊन मावशी धापा टाकत बसल्या आणि त्यांनी भात मागितला. दोन वाडगे संपवले. तिसऱ्याला त्यांचा हात थांबला, कारण टाम पायरीवर फोटो घेऊन बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

“म्हणजे आई आलीच नव्हती,” टाम म्हणाली. “मी उगीच...”

चिनला पळून जावंसं वाटलं. हेच नको होतं त्याला. मावशींनी वाडगा खाली ठेवला. ह्या वेळी त्या देव्हाऱ्याकडे वळल्या नाहीत.

“अगं मूर्ख, मला तेव्हाच कळायला हवं होतं,” त्या टामलाच म्हणाल्या. “ते भूत माझ्या शेजारी उभं आहे. आई असती तर तुझ्या शेजारी उभी राहिली असती. शेवटच्या दिवशी मी तिला पाणी पाजत होते, आणि ती दाराकडे बघून विचारत होती, टाम आली का? आठ वर्षं मी तुला हे सांगितलं नाही. मला राग होता ना, की पाणी मी पाजतेय.” आणि त्या रडायला लागल्या. टाम तर रडतच होती.

थोड्या वेळाने मावशींनी नाक पुसलं आणि पुन्हा फोटो उचलला.

“पण चिन, माणसं तीनच की रे. आणि मधे मीच.”

“चौथा मी होतो,” चिन घाईघाईने म्हणाला. “कॅमेऱ्यामागे.”

“दिसतोस कुठे? दिसतं तेवढंच मोजायचं.”

टाम उठली. देव्हाऱ्यापुढे वाकून तिने आईची तसबीर दोन्ही हातांनी उतरवली. “हिला घेऊ,” ती म्हणाली. “तू, मी, भावोजी आणि आई. चार. जुना फाडून टाक.”

“मेलेली मोजतात का?” मावशींनी विचारलं.

“आज मोजू, ताई.”

संध्याकाळी दिवे लागले आणि त्याच फळीवर चौघं उभी राहिली. एका टोकाला काका, धुतलेले, टोपी काढलेली. मग सावमावशी. मग टाम, आणि तिच्या हातात तसबीर. टाम पहाटे निघणार होती.

“फ्लॅश पडला तरी...” चिनने सुरुवात केली.

“हलायचं नाही,” काका म्हणाले. “मला सांगू नकोस. मी आता घरी गेल्यावरही हलणार नाही.”

लख्ख उजेड पडला. ले थी किम लोआन. आणि चिनने बघितलं, की सावमावशींची मान वळतेय. कॅमेऱ्यासमोर ठेवलेला तो कडक चेहरा सोडून त्या सावकाश बहिणीकडे वळल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. ओरडायला चिनचं तोंड उघडलं होतं. ‘था’ जिभेवर आलाच होता. त्याने तोंड मिटलं. बोट काही उचललं नाही. ले थी किम लोआन, दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. मावशी बघत होत्या आणि चिन शटर उघडं धरून उभा होता. मग त्याने हळूच बोट काढलं. ‘झालं’ म्हणायचं तो विसरला.

टाम गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिन फोटो घेऊन आला तेव्हा सावमावशी पेटीत तांदूळ परत भरत होत्या. हात झटकून त्यांनी फोटो उजेडात धरला. दिवे जरा जास्तच पेटलेले. काका, टाम आणि आई जागच्या जागी. पण सावमावशी दोन होत्या. एक ठसठशीत, ओठ आवळून समोर बघणारी. तिच्यातूनच निघालेली दुसरी फिकट, टामकडे वळलेली.

“ही कोण?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही. फ्लॅश पडला तेव्हाच्या.”

“आणि ही?”

“त्याही तुम्हीच. नंतरच्या. हललात तुम्ही, मावशी.”

मावशींनी भिंग मागितलं. बराच वेळ त्या फिकट चेहऱ्याकडे बघत होत्या.

“ही पहिली पुसता येते का रे?”

“नाही, मावशी. तिच्यावर फ्लॅश पडलाय. ती आता जायची नाही.”

“बरं, असू दे,” सावमावशी म्हणाल्या आणि तांदळाचे हात सदऱ्याला पुसत उठल्या. “टामसाठी एक प्रत दे. आणि पाकीट तू बंद करू नकोस. आत चिठ्ठी घालायचीये, मी लिहिते.”